पंचवीसची पेटी

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम सोपं आहे.
पंचवीस बाटल्या, पंचवीस सुया,
वर दोन भाषांतला घडी घातलेला कागद,
त्यातली एकही मला येत नाही.
पेटी बंद. चिकटपट्टी. पुढची.

पेटीवर गावाचं नाव छापलेलं, लिलाँग्वे.
पहिल्या दिवशी मी ते लिंबलोण असं वाचलं
आणि हौसाक्का मास्कच्या आत हसली.
'मलावी देशातलं आहे,' कुट्टी साहेब म्हणाले,
'तिकडे एकेकीला पाच-पाच, सहा-सहा.
लोकसंख्या आवरत नाही त्यांना.'

साहेब, हेच वाक्य
आमच्या इलठणपाड्याबद्दल मी ऐकलंय,
रेशनच्या रांगेत,
डोंगराखालच्या सोसायटीत बाईंच्या ओट्यापाशी
भांडी विसळताना.
आईला सात झाली. राहिलो चौघं.
मोजणारा माणूस आला तेव्हा तिने सातही नावं सांगितली,
त्याने चार लिहिली.

इंजेक्शन मीही घेते.
तीन महिन्यांनी एकदा, दंडात,
दिघ्याच्या दवाखान्यात लोखंडे सिस्टरकडे.
सरकारी योजनेत त्याला अंतरा म्हणतात.
नाव ठेवणारा गाण्यातला असावा,
मला त्यात नुसतं अंतर ऐकू येतं,
प्रचिती आणि जे अजून नाही
त्याच्यामधलं.
गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्याखाली दडवावं लागायचं.
हे दडवावं लागत नाही.
दंडावर काही उमटत नाही,
बांगड्या भरणाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणून तिकडची ती मला थोडी कळते.
तिला मी नाव दिलेलं नाही, तिचं तिला असेलच.
ती मक्याच्या शेतातून निघते, पाठीला तान्हं,
घरात सांगून आलीय की मीठ संपलंय.
हे सगळं मी बसल्या जागी रचलेलं.
पण चालणं खरं असणार,
पेट्या कितीही लांब गेल्या तरी
शेवटचा तुकडा कुणीतरी पायीच तुडवतं.

फेब्रुवारीत माल थांबला.
पैसे देणाऱ्या कुठल्याशा तिसऱ्याच देशाने
हात आखडता घेतला म्हणे.
साहेबांनी फळ्यावर लिहिलं, होल्ड.
गोदामात छतापर्यंत पेट्या,
लिलाँग्वे, लिलाँग्वे, लिलाँग्वे,
आणि प्रत्येकीच्या कुशीवर मुदतीची तारीख.
आम्हाला झाडलोटीला लावलं.

त्याच आठवड्यात माझ्या कार्डावरची तारीख आली.
लोखंडे सिस्टरने कपाट उघडून दाखवलं,
'वरूनच आलं नाही ग. सोमवारी बघ.'
सोमवारी बघितलं.
पुढच्या सोमवारी बघितलं.
रात्री पोटात दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून निजले,
किती रात्री दुखेल पोट?
सकाळी गेटवरची बाई चाचपून आत सोडते,
संध्याकाळी चाचपून बाहेर.
मधले आठ तास मी त्या लाखभर बाटल्यांभोवती
केरसुणी फिरवते.

एकदा खालची पेटी ओलीने फुगून फाटली.
एक बाटली घरंगळत माझ्या चपलेला लागली.
हौसाक्काने बघितलं,
मग मुद्दाम खिडकीकडे बघत राहिली.
उचलली. गार होती, करंगळीएवढी.
चोळीत मावली असती.
पण मग पेटीत चोवीस,
आणि तिकडच्या रांगेत पंचवीसावी कोण
हे मला पाठ होतं, मीठ आणायला आलेली.
आत ठेवली.
चिकटपट्टी जरा जास्तच लावली.

कुट्टी साहेब, रजा कशाला म्हणून विचारलंत.
कळव्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचंय.
तिथे मिळतं म्हणतात.
नाहीतर उशीर झालाय का, तेवढं तरी सांगतील.

काल प्रचितीने माझ्या बाहीला चिकटलेलं लेबल काढलं,
अक्षरं जुळवत वाचलं.
लिलाँग्वे म्हणजे काय ग?
म्हटलं, गाव आहे एक.
तिथे काय असतं?
म्हटलं, सोमवार.