झाकली मूठ

गुरुवारच्या पेपरात यादी आली.
चार पानं, बारीक टाईप,
आडनावांच्या क्रमाने नव्हे, रकमेच्या.

एकतीस वर्षं हीच यादी मी
वेनरिक कौंटीच्या विटकरी ऑफिसात
जिभेखाली धरून होते, कडू गोळीसारखी.
चर्चमध्ये पुढच्या बाकावरची प्रत्येक मान
किती हजारांची, मला ठाऊक असायचं.
प्रार्थना तरीही मनापासून म्हणायचे.

कायदा म्हणतो, माणशी सव्वा लाख डॉलर, वर एक सेंट नाही.
म्हणून श्टेकलांच्या घरात सहा शेतकरी:
एक ट्रॅक्टरवर,
एक ओमाहात दातांचा डॉक्टर,
एक फ्लोरिडात, बोटीवर,
दोन सुना,
आणि एक, जो मार्चपर्यंत जिवंत होता.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
सहा मुठी मी स्वतः मोजल्या आहेत.
सगळ्या नियमात.

लोकांना वाटतं, पैसे उभ्या पिकाचे.
पैसे कागदावरच्या गव्हाचे असतात.
माझ्या लग्नाआधी जो गहू तिथे होता,
निदान तसं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, त्याचे.
आता तिथे सोयाबीन आहे.
डेलमार क्वित्नेकडे तर नुसतं गवत,
न नांगरल्याबद्दल त्याला मिळतात ते वेगळेच,
आणि गवतातून फेझंट उडाला की तो म्हणतो,
चालला बघ माझा पगार.

शुक्रवारी कोऑपच्या कॅफेत
कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरतं,
माझ्या सासऱ्यांच्या काळापासून.
त्या शुक्रवारी फाशांचा चामडी पेला
गल्ल्याशेजारी उपडाच राहिला.
जो तो आपापली नाणी मोजून उठला.
हवामानाबद्दलसुद्धा कुणी बोललं नाही,
आणि गारा तर आदल्याच रात्री पडल्या होत्या.

सोमवारी लुडमिला वोंड्रा आली.
चांगला कोट, पर्समध्ये घडी घातलेला पेपर.
यादीत सगळ्यात शेवटची:
अकरा डॉलर चाळीस सेंट.
"लोकांना वाटेल एमिलने मला काहीच ठेवलं नाही," म्हणाली.
"मला हे परत करायचेत. नाव काढ."

परत करण्याचा फॉर्म आहे. तीन पानी.
एकतीस वर्षांत कुणी मागितला नव्हता;
शोधायलाच वीस मिनिटं गेली,
मग प्रिंटरमध्ये कागद अडकला.
ती खुर्चीवर बसून राहिली, हातमोजे मांडीवर,
आणि सहज बोलावं तसं बोलली:
"त्या तुकड्यात गहू कधी नव्हताच.
ओट्स होते. घोड्यांसाठी.
ट्रॅक्टर आला तरी त्याने घोडे विकले नाहीत."

मी कागद ओढत होते, तिथेच थांबले.
म्हणजे इतकी वर्षं
सरकार तिला ज्या गव्हाचे पैसे देत होतं
तो उगवलाच नव्हता.
आणि हे आता कुठल्या रकान्यात लिहायचं?

सही न करताच ती गेली. "राहू दे," म्हणाली,
"नाव काढलं तर लोक विचारतील का काढलं."

संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी
मी जुना हवाई फोटो काढला, काळा-पांढरा,
तिच्या तुकड्यावर भिंग धरलं.
एका कोपऱ्यात दोन ठिपके होते,
घोडे असतील, किंवा फोटोवरचे डाग.
बाकी सगळं फिकट, एकसारखं.
इतक्या उंचीवरून
ओट्स आणि गहू यांत फरक दिसत नाही.