वजनकाट्यावरचं ताट

निलंग्याच्या स्टँडसमोर
खाजामियाँच्या गाड्यावर
पिवळाधमक राईस, वर कच्चा कांदा,
आणि मी अजून प्लेट हातात धरून थांबतो
कुणीतरी वजन करील म्हणून.

दोन वर्षं ब्राझीलला होतो.
ऊस तोच, चिमणी तीच, मळीचा वासही तोच.
कारखान्याच्या फाटकापुढं दोना नेइजीची खानावळ:
हवं ते वाढून घ्यायचं,
ताट काट्यावर ठेवायचं, ग्रॅमवर पैसे.
पहिले आठ दिवस मी नुसता भात घेतला.
भाषा येत नव्हती,
कशात काय असेल कुणाला विचारू?

बुधवारी काळा घेवडा, डुकराच्या मांसात शिजवलेला.
तिसऱ्या बुधवारी तिनं
एक लहान पातेलं बाजूला ठेवलं,
झाकणावर खडूनं लिहिलं: इंजियानो.
आत फक्त घेवडा, लसूण, तमालपत्र.
वर भुरभुरायला कसावाचं भाजलेलं पीठ.
त्याचंही तिनं वजन केलंच.
धंदा म्हणजे धंदा.

परवा घरी घेवडा केला,
ज्वारीचं पीठ तुपात परतून वर टाकलं.
सुलभानं घास घेतला, म्हणाली,
"पिठल्याचं चुकलेलं लेकरू दिसतंय हे."
तरी दोनदा वाढून घेतलं.

"कामून थांबले साहेब? कमी पडलं का?"
नाही म्हणतो, कांदा कालवतो.
सकाळचे आठ. आज बुधवार.
तिकडं अजून मंगळवारची रात्र,
घेवडा भिजत पडला असेल.
झाकणावर आता
कुणाचं नाव असेल?