चार एक एक शून्य तीन शून्य

नव्वद गुणिले चार हजार पाचशे सदुसष्ट.
तांबोळींनी हे मला सांगितलं
स्टेशनजवळच्या आरएमएसमध्ये, रात्री दोन वाजता,
नगरच्या पिशवीला लाख लावता लावता.
"साबडेबाई, तुमच्या सदाशिव पेठेच्या पोटात
चार पाच सहा सात
ओळीने बसलेत, प्रार्थनेला बसवल्यासारखे.
आणि मूळ संख्या आहे ती, बरं का. फुटत नाही."
सदाशिव पेठच ती, म्हटलं. फुटेल कशाला.

आमचं काम वर्गीकरण.
खण ठरलेले, हात ठरलेले,
पत्र कुणाचं, आत काय, विचारायचं नाही.
तांबोळी आकड्यालाच विचारायचे.
"तुमचा पिन विपुल. स्वतःला सोडून
बाकीचे विभाजक मिळवा, जास्तच भरतात.
माझी रविवार पेठ न्यून.
पण ती दोन वर्गांची बेरीज आहे:
सहाशे एक्केचाळीस आणि अकरा.
तुमची होत नाही. जन्मभर शोधा."
बाद फॉर्मच्या पाठीवर त्यांनी मांडून दिलं.
मी तपासलं नाही.
थोडं लागलं मात्र. पिन कोडवरून!

ते निवृत्त झाले. त्यांच्या स्टुलावर
एक नवा मुलगा आला, भराभर हात चालणारा.

पुढच्या जानेवारीत घरी एक पोस्टकार्ड आलं,
कोपरे झिजलेले, अंगभर शिक्के.
साबडेबाई, चिमण्या गणपतीजवळ.
पेठ नाही, गाव नाही.
पिनच्या सहा चौकटींत
९ ० ४ ५ ६ ७.
गुणिलेच्या फुलीला सातवी चौकट नव्हती.

नऊने सुरू होतो तो फौजेचा पत्ता.
छत्तीस वर्षं खण भरलेल्या माणसाला
हे ठाऊक नसेल?
की त्यांना वाटलं, टेबलावर मीच असेन?
मी त्या आठवड्यात रजेवर होते.
मुलाने नियमाने टाकलं लष्कराच्या पिशवीत,
चूक त्याची नाही.
मग कुठल्याशा बर्फात कुणी
साबडे नावाची बाई शोधली असेल.
शेवटी पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
"अहो, ही पुण्याची."

मागे दोन ओळी.
"दोन वर्गांत बसत नाही म्हणालो होतो. तिनांत बसतो.
सहाशे एक्केचाळीस, दहा, सात. करून बघा."

तारीख जूनची.
ऑगस्टमध्ये आम्ही सगळे रविवार पेठेत जाऊन आलो होतो,
चपला जिन्यातच काढून,
त्यांच्या बायकोशी काय बोलावं न कळून.

ओट्यावरच मांडलं.
चार लाख दहा हजार आठशे एक्क्याऐंशी.
शंभर. एकोणपन्नास.
बरोबर.
आणि मग, भांडी घासायला घेतल्यावर,
सहाशे एक्केचाळीस हा आकडा
कुठे ऐकलाय ते आठवलं.

हात पुसले. कार्डावर जागा नव्हती,
दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं,
खाली अकराचा वर्ग.
एक नि एक दोन.
आठ नि दोन दहा, हातचा एक.
आठ नि एक नऊ, नि हातचा,
पुन्हा दहा.