चौरस मीटर

बोएदोतला तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट
मी सात महिने दाखवत होतो.
चौसष्ट चौरस मीटर, पूर्वेला बाल्कनी,
लिफ्ट आहे, तिची मर्जी असेल तेव्हा.
गिऱ्हाइकं यायची, नळ सोडून बघायची,
भिंतीवर टिचक्या मारायची
आणि ओफेलियाबाई प्रत्येकाला खरं सांगून टाकायच्या:
"खालचा माणूस पहाटे ट्रॉम्बोन वाजवतो.
वाईट वाजवतो."
मी कपाळाला हात लावायचो.

शेवटी नाउएल आणि सेलेस्ते आले.
तिला सहावा महिना,
त्याच्याकडे आजोबांच्या विकलेल्या शेताचे पैसे.
ट्रॉम्बोनचं ऐकून दोघं हसले.
सौदा तिथेच ठरला.

बँकेच्या मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत
आम्ही शहाण्णव हजार डॉलर मोजायला बसलो.
इथे घरं अशीच विकतात, रोख, परक्यांच्या नोटांत,
आपल्या नोटांवर आपलाच भरवसा नाही.
यंत्र फरफर मोजत होतं.
छोट्या चेहऱ्याच्या जुन्या नोटा वकील बाजूला काढत होता
आणि ओफेलियाबाई बोट ओलं करून
यंत्राचं मोजलेलं पुन्हा मोजत होत्या.
मधेच त्यांनी पेन मागितलं,
पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला.
"मीटरला दीड हजार," म्हणाल्या,
"मीटरमध्ये फरशा पंचवीस.
म्हणजे फरशीला साठ."
मला वाटलं, हिशेब तपासताहेत.

मी त्यांच्यासाठी एक घर हेरून ठेवलं होतं,
छोटं, तळमजल्यावर, म्हातारपणाला सोयीचं.
त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
आल्माग्रोत भाड्याची खोली घेतली,
खाली आइस्क्रीमचं दुकान, समोर रात्रभर उघडा कॅफे.
"पोरा," म्हणाल्या, "रिकामं घर खायला उठतं.
एवारिस्तो गेला त्याला अकरा वर्षं झाली,
अकरा वर्षं ते मला चघळतंय.
आता माझी पाळी."

तेव्हापासून त्या घर खाताहेत.

मोरीतली एक फरशी: ऑपेराचं तिकीट,
अगदी वरच्या माळ्यावरचं, जिथून गायिकेचा फक्त भांग दिसतो.
अर्धी फरशी: शुक्रवारच्या नाचाला टॅक्सी, जाऊन-येऊन,
आणि बुटांना नवे तळवे.
पिस्त्याचं आइस्क्रीम किलोभर, फरशीचा एक तुकडा,
जिथे १९८४ साली इस्त्री पडली होती.
पॅसेजचा निम्मा भाग नदीपलीकडच्या माँतेविदेओला गेला,
तिथे पाऊस होता,
चार दिवस हॉटेलात पत्ते खेळल्या,
हरल्या,
खूश होऊन परतल्या.
दर महिन्याचं भाडंसुद्धा दिवाणखान्यातून जातं,
भिंतीपासून सुरुवात केलीय, खिडकीकडे सरकताहेत.

"आणि झोपायची खोली?" मी विचारलं.
"ती शेवटी.
घाईत खायची चीज आहे का ती?"

नोव्हेंबरात कॅफेबाहेर भेटलो.
जाकारांदाची जांभळी फुलं टेबलावर, कपात, त्यांच्या टोपीवर.
सेलेस्तेला मुलगी झाली म्हणे,
ट्रॉम्बोन वाजला की झोपते, थांबला की रडते.
ओफेलियाबाई एवढ्या हसल्या की खोकला आला.

मग एकदम म्हणाल्या,
"तुझं कमिशन तीन टक्के.
जवळजवळ दोन मीटर होतात.
मी मनात तुला फ्रिजचा कोपरा दिला होता.
कसा लागला?"

मला आठवेना.
विजेचं बिल, गाडीचे दोन टायर,
थकलेलं भाडं, दाढेत भरलेली चांदी.
एकवीस वर्षं घरं विकतोय, म्हणजे केवढे कोपरे,
केवढ्या बाल्कन्या गेल्या माझ्या घशातून,
आणि एकाचीही चव सांगता येईना.

त्या वाट बघत होत्या, भुवई वर करून,
नोटा मोजताना बघायच्या तशा.

मी वेटरला हाक मारली.
आज, म्हटलं, फ्रिजखालची एक आख्खी फरशी.
पुसून आण, तिथे कुणी झाडत नाही.
तो बिचारा वही उघडून
तसाच उभा राहिला.