पाचवी प्रत

निपाणीच्या स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं,
सहा बाय आठचं. अ‍ॅफिडेव्हिटं, उतारे,
तंबाखूच्या वखारींची पत्रं.
एक दिवस सिद्राम मधाळे सर
सायकलच्या कॅरिअरला पीएच.डी. बांधून आले.

पहिल्याच पानावर लिहिलेलं: सीमा.
मी म्हटलं, सर, पोलीस येतील की.
सर हसले. आई विड्या वळायची त्यांची;
हसताना त्यांची बोटं कागदाची कड तशीच दुमडायची.
म्हणाले, बाई, ही पालीतली सीमा. भिक्खूंनी आखायची.
डोंगर, दगड, झाड, वाट, वारूळ, नदी,
खुणा मोठ्यानं सांगायच्या,
आणि मग आत जेवढे, तेवढे सगळे जमायला हवेत.
आजाऱ्याची संमतीसुद्धा कुणीतरी जाऊन आणायची.
नाहीतर ठराव होत नाही.

मग बरंय की, मी म्हटलं. आमच्याकडं उलटं.

पालीची जागा त्यांना मिळालीच नाही.
कॉलेजात अर्धमागधी होती, ती दिली;
दोन्ही जुन्याच की, प्राचार्य म्हणाले.
अकरा पोरं, मग चार, मग भोजची एकटी मुलगी,
मग विषयच बंद, आणि सरांकडं लायब्ररीच्या किल्ल्या.
पुण्यानं विचारलं, दाखला कुठल्या राज्याचा?
धारवाडनं विचारलं, कन्नड लिहिता येतं?
येत होतं. सिंहली येत होती, बर्मी येत होती.
जिला स्वतःची लिपी नाही
तिच्यासाठी सगळ्यांच्या शिकाव्या लागतात, बाई,
हे ते सांगत होते तेव्हा बाहेर कुणीतरी शिडी लावून
ओळीनं पाट्यांवर डांबर फाशीत होतं.
माझीही गेली.
सर म्हणाले, बर्मीत लिहून देऊ?
कुणाला वाचता येणार नाही, कोण पुसतंय.

सहाशे बारा पानं, चार कार्बन.
माझ्या मशीनचा ळ मोडका,
त्यामुळं मधाळेंतला ळ दर वेळी हातानं.

पाचव्या प्रकरणात होतं:
नवी सीमा बांधण्याआधी जुनी उठवायची.
कुठं होती, कुणी आखली, माहीत नसलं
तरी हातहातभर सरकत, त्या जमिनीवर उभं राहून म्हणायचं,
असेल तर उठो.
ते पान मी दोनदा टाइप केलं.
चूक काही नव्हती.

एक परीक्षक वारले, दुसऱ्यांना पाली येत नव्हतं.
पदवी आली ती निवृत्तीच्या वर्षी.
कँडीच्या एका भन्तेंचं पत्र मात्र आलं,
सहा वर्षांपूर्वीच्या लेखाला उत्तर,
पत्ता: निपाणी, बॉम्बे स्टेट.
चार पोस्टांचे शिक्के. तेच पत्र सर
शाळेच्या दाखल्यासारखं खिशात घेऊन फिरायचे.

गेल्या जानेवारीत ते गेले.
मुलगी पुस्तकं कॉलेजला द्यायला निघाली,
कॉलेजनं यादी मागितली, कन्नडमध्ये, तीन प्रतींत.
यादी करताना प्रबंधाच्या पाचही प्रती हाताला लागल्या.
पान तीनशे चाळीस. शब्द होता 'समानसंवास',
एका सीमेत सोबत राहणं.
मी मारलं होतं 'समानसंवाद'.
चार प्रतींत सरांनी लाल शाईनं द चा स केलाय.
पाचवीत, जिथं कार्बन अगदी पुसट आलाय, तिथं नाही.

विसरले असतील, मुलगी म्हणाली.
त्याच पानावर, वरच्याच ओळीत,
त्यांनी माझा एक सुटलेला अनुस्वार दिला होता.