थाप

मुसफ्फामध्ये, टायरच्या दुकानावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं त्या खोलीत
शनिवारी रात्री नऊ वाजता
आम्ही एकमेकांचे पाय धरतो.

आमच्याकडे पाय धरायचे ते थोरामोठ्यांचे,
नाहीतर अडल्या वेळी साहेबाचे.
इथे एकोणीस वर्षांचा सैफ समोर बसतो,
पाय पुढे करतो, म्हणतो, "घ्या, अंकल."
टाच मऊ. डांबर कधी अनवाणी तुडवलं नसावं.

जेरविन सांगतो, टाचेमागे धावू नका.
आधी मांडी. त्याचा गुडघा तुमच्या दोन गुडघ्यांत,
दाराच्या फटीत बोट सापडावं तसा.
टाच सगळ्यात शेवटी.
टाच ही नुसती कडी, दार वर खुब्यात आहे.

पहिले दोन महिने मला पाठच टेकवता येईना.
कवलापूरच्या तालमीत सात वर्षं काढलेली.
पाठ मातीला लागली की कुस्ती संपली,
हलगी थांबली, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर.
इथे पाठ टेकली की सुरुवात.
मानेला हे पटेना, ती आपली आपण ताठ व्हायची,
खाली घामाचं तळं, वर मी कमान.
जेरविननं छातीवर दोन बोटं ठेवली. म्हणाला, झोप.
बेचाळिसाव्या वर्षी
कुणीतरी मला उताणं पडायची परवानगी दिली.

दिवसा मी यार्डात शॅकल तपासतो, चेन, वायर रोप.
वायर बरी. तुटायच्या आधी बोलते.
एकेक तार उभी राहते, हातमोज्यात रुतते.
चेन बोलत नाही.
कडी न कडी शाबूत दिसते
आणि मग लोड खाली.
नुसती शंका आली तरी मी तिला लाल टॅग लावतो,
फोरमन शिव्या घालतो, घालू दे.

टाचेचा पेच चेनच्या जातीचा.
दुखत नाही.
कुणी ओला पायजमा पिळतंय, एवढंच वाटतं,
आणि आत काहीतरी सुटतं.
दुखणं मागून येतं, पंचनामा करायला.
म्हणून दुखायची वाट बघू नका, जेरविन म्हणतो.
अडकलो हे कळलं की थाप द्या. दोनदा.
हातानं, पायानं, तोंडानं, कशानंही.

थाप मला ठाऊक होती ती मांडीवरची,
समोरच्याला बोलवायची.
आणि दुसरी.

परवा सैफनं माझी टाच कोपराच्या खोबणीत घेतली.
सावकाश. पोराला वळण आहे, हिसका देत नाही.
मी आपला हिशोब करत राहिलो,
अजून दुखत नाही.
अजून चाललंय.
अजून
सैफनंच पाय सोडला.
उठून बसला, घाबरलेला, तोच.
"अंकल, तुम्ही सांगत का नाही?"

खोलीवर, गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी.
वरच्या पलंगावर शफीउल्ला घोरतोय.
कांचनचा फोन.
पगार झाला? झाला.
जेवलास? मघाशीच.
कंपनी बरी आहे ना? एकदम.
तिसरा महिना कोरडा चाललाय,
ऑफिसातल्या मुलीनं तर कालपासून
वर बघणंच सोडलंय.
ती म्हणते, दादांचं ऑपरेशन दिवाळीनंतर धरू या का?
मी म्हणतो, धरू या की.
कुठेच दुखत नाही. थोडं पिळल्यासारखं.

मटार विरघळायला लागलेत, पाणी पोटरीवरून गादीत.
पलंगाच्या लोखंडी पट्टीवर
माझी दोन बोटं वाजतात.
एकदा. परत एकदा.

"कसला आवाज आला रे?"

"थांब," मी म्हणतो. "फोन ठेवू नकोस."