छत्तिसांची ओळ

नाताळच्या आदल्या दिवशी
आमच्या भागात दुपारी दोनलाच दिवेलागण होते.
त्याआधी चर्चपासून तळ्याकडच्या कुंपणापर्यंत
बर्फ उपसून मी वाट करतो,
लेम्पीबाईंची ढकलगाडी जाईल एवढी.
त्या चौऱ्याण्णवच्या. वजन फारसं नाही,
आणि आहे त्यातलं निम्मं कोटाचं.

छत्तीस दगड, एका उंचीचे.
पडलेल्या पोराला परक्या मातीत ठेवायची
फिनलंडात रीत नव्हती.
आघाडी तळ्यापलीकडे, तीन कोसांवर.
घोड्याच्या घसरगाडीतून
ज्याला त्याला आपल्या गावी पोचतं करत.
पण आईसमोर नेण्याआधी
कुणीतरी त्यांना धुवायला हवं होतं.

लेम्पी तेव्हा एकोणीस वर्षांची.
गवताच्या कोठारात दोन चुली रात्रंदिवस,
कारण येणारा प्रत्येक जण लाकडासारखा ताठ.
कुणाचा हात वर, हाक मारता मारता थांबलेला,
कुणी गुडघे पोटाशी घेऊन,
आणि पेटी तर सरळ माणसाच्या मापाची.
"ऊब दिल्याशिवाय हात खाली येत नाही," त्या सांगतात.
"जबरदस्ती केली तर मोडतो.
मी एकदा केली."
पुढे बोलत नाहीत.
मी फावडं आपटून बर्फ झाडतो.

वही अजून आहे. पेन्सिलीनं
नाव, घर, खिशात काय.
अर्धं पत्र. साखरेचा खडा. किल्ली.
किल्ली. परत किल्ली.
रात्री उशिरा पोचलो तर
कुणाची झोप मोडायला नको म्हणून.

आणि सदतिसावा: आर्मास. खिशात चमचा.
पुसायला म्हणून तिनं तो काढला,
क्षणभर त्याच्या हनुवटीपाशी राहिला,
आणि चमच्यावर धुकं आलं.
"ओरडायचं सुचलंच नाही बघ.
मी आधी परत पुसला.
परत आलं."

वहीत सदतीसवर आडवी रेघ आहे,
इतकी दाबून ओढलेली
की मागची दोन पानं फाटलीत.

आर्मास पुढे टपालाची बस चालवायचा.
उजव्या हाताला दोनच बोटं;
गिअर कसा टाकतो ते बघायला
आम्ही पोरं पुढच्या बाकावरून भांडायचो.
युद्धाचं विचारलं की म्हणे, "थंडी होती."
सभेत कुणी वीर म्हटलं तर टोपी उचलून बाहेर.
दर सप्टेंबरात लेम्पीबाईंच्या दाराशी
बटाट्यांचं एक पोतं. चिठ्ठी नाही.

यंदा मार्चमध्ये गेला. सत्त्याण्णव.
टेकडीपलीकडे पुरला, बायकोशेजारी,
आपापल्या मरणानं गेलेल्यांत.
तिकडे मेणबत्ती ज्याची त्यानं आणायची.
चर्चची पेटी येते ती मोजून छत्तिसांची.

छत्तीस लावून झाल्या. वारा पडलेला, पान हलत नव्हतं.
स्काउटची पोरं मानवंदना देऊन
गरम मोटारीकडे पळाली.
लेम्पीबाई हलेनात.
"एक राहिला."
मी मोजले. परत मोजले.
"दगड नको मोजूस, वही बघ."
"पण त्याच्यावर रेघ आहे."
"रेघ मीच ओढली.
म्हणून काय तो तिथे नव्हता?
हे निजले ते निजले.
तो पंच्याहत्तर वर्षं रोज सकाळी
त्या कोठारातून उठून बाहेर यायचा.
त्याचं नाही धरायचं काही?"

टेकडीपलीकडे वाट नव्हती.
अंधारात तासभर कमरेएवढं उपसलं.
मागे गाडीत त्या, कोटाच्या आत
सामानघरातून आणलेली मेणबत्ती,
कोंबडीनं अंडं सांभाळावं तशी.
दगडावर नाव, दोन सालं, बस नाही, चमचा नाही.
तिसरी काडी धरली.
त्यांनी हातमोजा काढला,
दगडावर तळवा टेकवला, आणि बराच वेळ
तसाच ठेवला. ऊब द्यायची सवय.

सुट्टीनंतर चर्चच्या हिशेबवहीत लिहिलं:
मेणबत्त्या, सदतीस.
जादा लागल्यास कारण, असा एक रकाना आहे.
मी लिहिलं: वारा.